न उघडणारा इंजेक्टर

गेल्या श्रावणातली गोष्ट. गेवराईहून उमापूरला येत होतो. पावसाची झिमझिम चालू होती. स्कूटरने आधी दोन-चार आचके दिले, मग रस्त्याच्या कडेला येऊन निवांत बंद पडली. गाडी नव्या नियमातली, म्हणजे कार्बोरेटर नसलेली. ओळखीचा एक टेम्पोवाला भेटला, त्यात घालून ती गावात आणली आणि मिस्त्रीच्या दारात उभी केली.

मिस्त्री माझाच विद्यार्थी. शुद्धलेखनात कायम काठावर पास, पण शाळेची घंटा, पंप, माझी जुनी लुना, सगळं त्यानेच दुरुस्त केलेलं. त्याने बॅटरी पाहिली, प्लग पाहिला, चावी फिरवून पेट्रोलपंपाचा घुंई आवाज ऐकला आणि मान हलवली.

"सर, इंजेक्टर गेला वाटतंय. नवीन टाकावा लागंल."

"अरे, उघडून साफ कर की. मागं कार्बोरेटर करायचास तसा."

"ह्याला उघडायला जागाच नाही सर. कारबेटर असता तर दहा मिनिटांत करून दिला असता."

दोन दिवसांनी नवा इंजेक्टर आला, बसवला, गाडी चालू झाली. पेन्शनीत खड्डा पडला तो पडलाच. जुना इंजेक्टर मी मागून घेतला. "भंगाराचं काय करता सर?" म्हणून तो हसला. मी तो खिशात टाकून घरी आणला आणि चार दिवस टेबलावर ठेवून नुसता बघत बसलो.

वस्तू केवढी, तर बोटाच्या दोन पेरांएवढी. दोन्ही टोकांना चकचकीत पोलाद, मधे काळं प्लास्टिक, आणि त्याच प्लास्टिकला बाजूने फुटलेलं एक तोंड, ज्यात दोन बारीक पिना. स्क्रू नाही, आटे नाहीत, सांधा नाही. मला खरं सांगायचं तर राग आला. आमच्या पिढीला वस्तू उघडून पाहायची सवय. रेडिओ, घड्याळ, कंदील, स्टोव्ह, सगळं उघडायचं. आणि ही मुठीत मावणारी वस्तू म्हणते, उघडू नका, फेका. 'हे सगळं प्लास्टिक आल्यापासून...' असं एक नेहमीचं वाक्य मनात तयार झालं, आणि त्यावर एक नेहमीचा लेखही मी लिहून टाकला असता. तो लिहिला नाही याचं कारण पुढे सांगतो.

आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच बंद पडली.

तेव्हा पोळ्यासाठी मिस्त्रीचा थोरला मुलगा गावी आला होता. तो वाळूजला एका मोल्डिंगच्या कारखान्यात काम करतो. त्याने माझ्याकडचा जुना इंजेक्टर हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडं असलेच तोंडाचे कपलर असतात. शेवटी मीटर लावून बघतात." कुणाचा तरी मीटर आणला. दोन पिनांवर लावला तर १२ ओहमच्या आसपास आकडा आला, म्हणजे आतली तार शाबूत. मग बॅटरीच्या दोन तारा क्षणभर टेकवल्या. आतून आवाज आला, टक्. पुन्हा टेकवल्या, पुन्हा टक्. इंजेक्टर जिवंत होता!

मग दोष कुठे होता? गाडीकडून येणाऱ्या वायरीच्या कपलरमध्ये जी रबरी गोल रिंग असते, ती कधीतरी निघून पडलेली. त्यातून पावसाचं पाणी आत गेलेलं आणि पिनांवर हिरवा गंज चढलेला. बाप-लेकांनी मिळून तो साफ केला, रबर बसवलं, आणि गाडी आजतागायत चालू आहे. मिस्त्रीने खाली मान घालून मजुरीचे पैसे परत करायला काढले. मी घेतले नाहीत. ज्याला कुणी कधी शिकवलंच नाही, त्याला दोष कसा द्यायचा? हे मी शिक्षक म्हणून म्हणतो.

संध्याकाळी आम्ही तिघांनी तो जुना इंजेक्टर पान्यात धरला आणि करवतीच्या पात्याने उभा कापला. चांगलाच वेळ लागला. आत काय दिसलं ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

मधोमध एक पोलादी नळी. नळीत एक सुई, तिच्यावर स्प्रिंग. नळीभोवती शिवणयंत्राच्या रिळासारखं प्लास्टिकचं रीळ आणि त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. तारेतून वीज गेली की तिचं चुंबक होतं, सुई जेमतेम केसाच्या जाडीएवढी वर उचलली जाते आणि खालच्या जाळीतून पेट्रोल फवाऱ्यासारखं सुटतं. जाळीची भोकं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून बारीक. वीज थांबली की स्प्रिंग सुईला खाली दाबते आणि पेट्रोल बंद. मागे पेट्रोल साधारण तीन बार दाबाने उभं असतं, म्हणजे स्कूटरच्या टायरातल्या हवेच्या दाबाच्या दीडपट धरा. हे उघडणं-मिटणं सेकंदाच्या काही हजारांश भागात व्हायचं.

मी इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस, तरी गणित करून पाहिलं. चार फटक्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल लागतं. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असेल तर इंजेक्टर मिनिटाला २००० वेळा उघडतो. अर्ध्या तासाच्या प्रवासात ६०,००० वेळा! तेही खड्ड्यांतून, उन्हातून, पावसातून, तापलेल्या इंजिनाला चिकटून बसून.

आता या तांब्याच्या तारेला पाणी लागून चालत नाही, पेट्रोलची वाफ लागून चालत नाही, ती थरथरूनही चालत नाही. म्हणून तिच्याभोवती ते काळं प्लास्टिक. ते झाकणासारखं वरून बसवलेलं नसतं. नळी, रीळ, तार, पिना असा सगळा जुळवलेला सांगाडा साच्यात ठेवतात, साचा मिटवतात आणि वितळलेलं प्लास्टिक शेकडो बार दाबाने आत सोडतात. ते प्रत्येक फटीत शिरतं, रिळाच्या कडांना वितळवून त्यांच्याशी एकजीव होतं आणि थिजतं. कपलरचं तोंडही त्याच ओतीत तयार होतं. सांधा नाही म्हणून पाणी शिरायला वाट नाही. उघडायची सोय ठेवली असती तर ती पाणी शिरायचीही सोय झाली असती. माझा राग इथे उतरला. आमच्या गाडीत पाणी शिरलं ते नेमकं जिथे उघडता येतं तिथेच, कपलरमध्ये. बंद डबी आठ दिवस माझ्या टेबलावर निर्दोष पडून होती.

हे प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा नायलॉन ६६ असतं. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये शोधलेलं. आपल्या बायकांच्या साड्या आणि विहिरीचे दोर ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातलं. त्यात साधारण ३० टक्के काचेचे बारीक तंतू मिसळतात. का? तर साधं नायलॉन तापल्यावर पोलादाच्या सहा-सात पट फुगतं. इंजिन रोज तापणार, रोज निवणार, आणि दोघं वेगवेगळ्या मापाने फुगले-आकसले तर मधे फट पडणार. काचेच्या तंतूंनी नायलॉनचं फुगणं बरंच आवरतं आणि ते पोलादाला धरून राहतं. आपल्याकडे मातीच्या भिंतीत भुसा कालवतात त्याची मला आठवण झाली.

मोल्डिंगवाल्या पोराला मी हे वाचून सांगत होतो आणि तो मला त्याच्या हातचं सांगत होता. "सर, दाणा आधी वाळवावा लागतो. ओला राहिला तर मालावर चांदीसारख्या रेघा येतात, मग सगळा लॉट रिजेक्ट." दाणा म्हणजे नायलॉनचे बारीक गोळे. मी विचारलं, "का येतात रेघा?" त्याला माहीत नव्हतं. तीन वर्षं तो दाणा वाळवतोय. नायलॉन हवेतलं पाणी ओढून घेतं, २८० अंशांच्या आसपास तापवलं की त्या पाण्याची वाफ होते, वाफेच्या रेघा उमटतात आणि मालही ठिसूळ होतो, हे कुणी त्याला दोन मिनिटं उभं राहून सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं गेलं ते एवढंच: हिरवा दिवा लागला की दार उघड, माल काढ, कडेची फ्लॅश तास, नवीन इन्सर्ट ठेव, दार लाव. आपण केलेला कपलर कुठल्या गाडीत जातो तेही त्याने कधी विचारलं नव्हतं. बापाच्या पान्यात कापलेला इंजेक्टर पाहून तो पहिल्यांदा म्हणाला, "म्हणजे आपला माल ह्यासाठी असतो व्हय!"

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. एका घरात दोन माणसं. मुलगा अशा वस्तूचा भाग बनवतो, त्याला ती काय करते ते माहीत नाही. बाप ती वस्तू बसवतो, त्याला ती कशी बनते ते माहीत नाही. दोघांच्या मधे हे दोन पेरांचं काळं प्लास्टिक. माझं म्हणणं एवढंच आहे की डबी बंद असावी, ते योग्यच आहे. पण जितकी डबी बंद, तितकं तिच्याबद्दलचं ज्ञान उघडं असायला हवं. आपण दोन्ही एकदमच बंद करून टाकलं.

कुणी म्हणेल, सर, तुम्हाला जुन्या कार्बोरेटरचं प्रेम. तसं नाही. कार्बोरेटर मायाळू होता, पण उधळा होता. पेट्रोल पूर्ण जळायला १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते (वजनाने). हे माप प्रत्येक फेरीला सांभाळणं त्याच्या हाताबाहेरचं होतं. उरलेलं विष आपल्या पोरांच्या छातीत जात होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की ३१ मार्च २०२० नंतर जुन्या बीएस-४ गाड्या विकायच्या नाहीत, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. कायद्याने कार्बोरेटरवर बंदी घातली नाही, पण नियम इतके कडक केले की बहुतेक दुचाक्यांना इंजेक्टर घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्याआधी हिरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमरला आणि बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० ला इंजेक्टर लावून पाहिला होता. पण २००९ मध्ये बजाजने तीच पल्सर स्वस्त करून पुन्हा कार्बोरेटरवर आणली. म्हणजे गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून हे आलं नाही, हवा स्वच्छ हवी म्हणून आलं. मला ते मान्य आहे.

पण हवेसाठी नियम करताना मिस्त्रीचा विचार कुणी केला? एका तारखेला देशभरच्या गाड्या बदलल्या, आणि गावोगावच्या हजारो मिस्त्रींना त्या दिवशी सकाळी कळलं की आपल्या हातातली अर्धी विद्या संपली. कंपन्यांनी आपापल्या शोरूमच्या माणसांना प्रशिक्षण दिलं. रस्त्याकडेच्या टपरीपर्यंत ते फारसं पोचलं नाही. स्कॅनर महाग, माहितीपुस्तक इंग्रजीत, तेही मिळालं तर. मग मिस्त्री काय करणार? संशय आला की भाग बदलणार. शहाणपणाच्या जागी अंदाज आला आणि अंदाजाचं बिल गिऱ्हाईक भरतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून एक पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगली गोष्ट आहे. पण माझ्या मिस्त्रीला हवं ते साधं आहे. मराठीत चार पानं: इंजेक्टर बदलण्याआधी कपलर बघा, रबर बघा, मीटर लावा, १२ च्या आसपास आकडा आला तर तार ठीक समजा, टक् वाजला तर सुई हलते असं समजा, तरी गाडी चालत नसेल तर दाब आणि जाळी बघा. ही चार पानं प्रत्येक गाडीबरोबर द्यायला कंपनीचं काय जातं?

दुसरी बाजू बनवणाऱ्यांची. महाराष्ट्राला हे काम नवीन नाही. १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या मायको कंपनीचा (२००८ पासून बॉश) कारखाना नाशिकला सातपूरला आहे, तिथे डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. डिझेलचं काम याहून दांडगं. आजच्या डिझेल इंजिनात दाब १६०० ते २००० बार आणि वरही जातो, तिथे अंग पोलादाचंच लागतं, प्लास्टिकला फक्त विजेच्या तोंडाची जागा मिळते. मायकोत लागलेल्या माणसाला नाशकात मान होता, कारण तिथे त्याला काम शिकवलं जायचं असं लोक सांगतात. आपल्या मराठवाड्यात बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्यांचं मोठं गाव उभं राहिलं. आमच्या तालुक्यातून शहागड, पाचोडमार्गे तिकडे जाणाऱ्या एसटीत सोमवारी सकाळी पाहा, सगळी अशीच पोरं. ठेकेदाराच्या नावावर, सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. आमचा बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. त्यांच्या आई-बापांनी कोयत्याचे हंगाम केले, ही पोरं साच्याचे हंगाम करतात. फरक एवढाच की पाठीवर मोळी नाही. पण हंगाम संपला की हातात कसब काय उरलं, याचं उत्तर दोघांचंही सारखंच.

आणि योगायोग असा की तो ऊसही शेवटी याच इंजेक्टरातून जातो. मळीपासून, उसाच्या रसापासून इथेनॉल होतं (मका-तांदळापासूनही होतं), आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर आलं, २०२५ पर्यंत ते देशभर झालं. इथेनॉलही नायलॉनसारखंच पाणी ओढणारं. टाकीत जास्त पाणी गेलं तर ते दोघं मिळून तळाशी बसतात, गंज आणि घाण वर येते आणि बारीक जाळी गाळाने बुजते. रबर आणि प्लास्टिकही इथेनॉल सोसणारंच लागतं, जुन्या गाड्यांचं सगळंच तसं असेल असं नाही. म्हणजे पुढच्या काळात मिस्त्रीला रसायनशास्त्रही थोडं लागणार. आई-बापाने तोडलेला ऊस, मुलाने ओतलेलं प्लास्टिक आणि काकाने बसवलेला इंजेक्टर एकाच गाडीत भेटतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत!

मग करायचं काय? फार मोठी योजना मी सांगत नाही. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिकचं शिक्षण देणारी संस्था आहे, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा तिथे होतो. साचे करायला शिकवणारं इंडो-जर्मन टूल रूमही तिथलंच. आमच्या भागातल्या किती दहावीच्या मुलांना ही दोन नावं माहीत आहेत? मी चाळीस वर्षं शाळेत होतो, मी एकाही मुलाला सांगितली नाहीत. मलाच माहीत नव्हती. हा माझा दोष आहे आणि तो मी इथे लिहून ठेवतो. शाळेतल्या कुणी तरुण शिक्षकांनी हे वाचलं तर त्यांनी निकालाच्या आठवड्यात फळ्यावर ही दोन नावं लिहावीत. कारखान्यांनी नव्या पोराला मशीनवर उभं करण्याआधी एक दिवस, फक्त एक दिवस, तो जे बनवणार आहे ती वस्तू कापून दाखवावी. रिजेक्शनही कमी होईल, हे तर त्यांच्याच फायद्याचं.

कुणी असंही म्हणेल की आता विजेच्या गाड्या आल्या, इंजेक्टरच राहणार नाही, मग कशाला शिकायचं? अहो, इंजेक्टर जाईल. पण तांब्याची तार, तिच्याभोवती रीळ, त्यावर ओतलेलं प्लास्टिक आणि पाणी न शिरणारा कपलर, हे विजेच्या गाडीत कमी नाही, उलट जास्त आहे. दाणा का वाळवायचा हे ज्याला कळलं, त्याची विद्या इंजेक्टरबरोबर बुडणार नाही. ज्याला फक्त हिरवा दिवा कळला, त्याची बुडेल.

पोळा झाला, पोरगं वाळूजला परत गेलं. जाताना त्याने कापलेल्या इंजेक्टरचा एक अर्धा भाग मागून नेला, बरोबरच्या पोरांना दाखवायला. दुसरा अर्धा मिस्त्रीने गॅरेजात मीटरशेजारी खिळ्याला तारेने टांगलाय. (मीटर आता त्याने स्वतःचा घेतलाय.) गिऱ्हाइकाने विचारलं की तो काढून दाखवतो, ही सुई, ही स्प्रिंग, ही तार. सांगताना त्याचा आवाज जरा चढतो. शाळेत निबंध वाचून दाखवताना कधी चढला नव्हता.

असो. तुमच्या गावात असा एखादा मिस्त्री असेल, तर पुढच्या वेळी बदललेला भाग त्याच्याकडून मागून घ्या, आणि दोघं मिळून कापून बघा.